गव्हाची चाळणी

भावाने पोतं स्टीलच्या टेबलावर आपटलं आणि वाळत घातलेल्या नमुन्यांच्या दोन कागदी पिशव्या खाली पडल्या.

"दादा, अरे नमुने आहेत ते. बघून ठेव की."

"खूप बघून झालं माझं. आता तू बघ."

पोत्याचं तोंड त्यानेच सोडलं. आत रानबोका होता. पाय ताठ, जबडा आवळलेला, नाकाशी वाळलेलं रक्त. कपाळावर जुन्या भांडणाची चीर होती, त्यावरून तिने ओळखला. कालव्याच्या दुसऱ्या दारापाशी राहणारा हा बोका तिने कधी पाहिला नव्हता, पण सहा वर्षं भावाच्या तोंडून त्याचं इतकं कौतुक ऐकलं होतं की घरातलाच कोणी वाटावा.

"कधी सापडला?"

"सकाळी. मंगळवारी विषाचे दाणे टाकले, आज शुक्रवार. तीन दिवस पुरले त्याला." तो टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा होता आणि हाताची बोटं पांढरी पडली होती. "आज दुपारी चौथ्या दाराला टाकतायत. तिथं कानतुटी आहे. तीन पिल्लं आहेत तिच्यापाशी, आत्ता कुठं शिकार शिकवतेय त्यांना."

तिने खाली पडलेल्या पिशव्या उचलल्या, त्यांच्यावरची तारीख फुंकून साफ केली आणि कपाटात ठेवल्या. मग हातमोजे चढवले.

भाऊ माग काढणारा. तीस वर्षं माळ तुडवत होता. रानमांजराने कुठे घाण केली ते शोधायचं, कागदी पिशवीत भरायचं, वर तारीख आणि जागा लिहायची, आणि आठवड्याला गठ्ठा करून बहिणीच्या टेबलावर आणून द्यायचा. तिने ते धुवायचं, चाळायचं, चाळणीत उरलेले दात-हाडं वेचायची आणि मोजायची. मांजराने काय खाल्लं ते त्यावरून ठरतं. उंदीर की पक्षी, सरडा की ससा. तो गोळा करायचा, ती धुवायची. "माझ्या दोन्ही पोरांची पोटं मांजराच्या शीवर चालतात," असं त्यांची आई असेपर्यंत म्हणायची, आणि वर दटावायची की पाहुण्यांसमोर बोलू नका. ऑफिसात तोंडावर तिला मावशी म्हणत आणि पाठीमागे चाळणबाई. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

माळावर एक उंदीर आहे. मुठीत मावेल एवढा, वाळूच्या रंगाचा, दिवसभर बिळात आणि दिवस मावळायला बाहेर. कागदोपत्री त्याला हातभर लांब नाव आहे. भाऊ त्याला उकऱ्या म्हणतो. उकऱ्याचं एकच काम, उकरणं. गेल्या वर्षी त्याने कालव्याचा बांध पोखरला, बांध फुटला आणि खालच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं. कालवेवाल्यांनी ठरवलं, बांधाच्या दोन्ही अंगांना विषाचे दाणे टाकायचे. रानमांजरांचं काय, असं या ऑफिसला विचारलं. ऑफिसने चार वर्षांचे आकडे काढले आणि कळवलं, हरकत नाही, मांजरं हा उंदीर फारसा खात नाहीत.

तिने बोक्याचं पोट उघडलं. सव्वीस वर्षांत मांजराच्या पोटातून बाहेर आलेलंच तिने पाहिलं होतं, आतलं कधी पाहिलं नव्हतं. जठर अलगद कापून तिने पांढऱ्या थाळीत उलटं केलं.

चार शेपट्या होत्या. एक उकऱ्या तर जवळजवळ अख्खा, नुसतं डोकं चावलेलं. त्यांच्या अंगाभोवतीचा लगदा निळा होता. विषाचे दाणे मक्याचे असतात आणि ओळखू यावेत म्हणून निळे रंगवतात.

"चार," भाऊ म्हणाला. "एका पोटात चार. आणि म्हणे फारसा खात नाहीत. तुझी चाळणी काय म्हणते?"

"माझी चाळणी काही म्हणत नाही. वर बसलेला तो म्हणतो." तिने हातमोजे ओरबाडून काढले. तिला असा राग आला की कानशिलं तापली. "आपण मरमर मरायचं, आणि या लोकांनी काचेच्या खोलीत बसून आकडे फिरवायचे. थांब तू. आज सोडत नाही मी त्याला."

"चिमे, नीट बोल. साहेब आहे तो."

"असेल."

साहेब फोनवर होते. तिने त्यांचं बोलणं संपायची वाट पाहिली नाही. हातातली थाळी तिने त्यांच्या टेबलावर ठेवली, फायलींच्या बरोब्बर मध्ये. साहेबांनी फोन ठेवला आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

"हे काय आहे, मावशी?"

"बोक्याच्या पोटातले उंदीर. चार. तुम्ही कळवलंत की खात नाहीत."

"मी नाही, ऑफिसने कळवलं."

"ऑफिस म्हणजे तुम्हीच. आकडे कोणी बदलले?"

साहेबांना राग यायला हवा होता, तो आला नाही. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि तिच्याकडे वळवून धरली. त्यांचं बोट वरून खाली सरकलं. शंभर नमुन्यांत उकऱ्या किती नमुन्यांत सापडला: साठ, अठ्ठावन्न, एकसष्ट. मग एकदम अकरा. मग नऊ, बारा, दहा.

"अक्षर कुणाचं आहे?"

अक्षर तिचं होतं. दहाचा एक सरळ आणि शून्य किंचित तिरकं, शाळेपासून तसंच.

"मी एकही आकडा बदललेला नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही लिहून दिलं ते मी पुढे पाठवलं. चार वर्षांपूर्वी मांजरांचं खाणं बदललं. ती पक्ष्यांकडे आणि सरड्यांकडे वळली. मी त्यावर निबंध लिहिला, परदेशात वाचला, तुम्हीच सगळ्यांना पेढे वाटले होते. एका बोक्याने चार उंदीर खाल्ले म्हणून चार वर्षं खोटी ठरत नाहीत."

ती थाळी उचलून परत आली. जिन्यात तिला शिपाई भेटला, त्याने काहीतरी विचारलं, ते तिच्या कानावरून गेलं. अक्षर आपलं आहे हे तिला कबूलच होतं. पण बोक्याच्या पोटातल्या चार शेपट्याही डोळ्यांदेखत होत्या.

भाऊ खिडकीपाशी स्टुलावर बसला होता. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. हा चष्मा तिच्यामुळे आला होता. आकडा अकरावर घसरला त्या वर्षी तो बिथरला होता. येऊन येऊन सांगायचा, अगं मी रोज बघतो, मांजर उकऱ्याच्या बिळाशी तास तास बसतं, तोंडात धरून नेताना बघतो, तुला सापडत कसा नाही? आणि ती म्हणाली होती, दादा, दात खोटं बोलत नाहीत. तुझेच डोळे आता म्हातारे झाले. हसत म्हणाली होती. पुढच्या आठवड्यात तो चष्मा लावून आला.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, माझंच अक्षर आहे."

"आहे का?"

"आहे."

त्याने मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. बहिणीच्या अक्षरात आहे म्हटल्यावर त्याच्या दृष्टीने विषय संपला होता, आणि तेच तिला सहन होईना.

"मी खाली जाऊन गाडीचं चाक बघतो," तो म्हणाला. "हवा कमी वाटतेय."

तो गेल्यावर तिने बोक्याच्या आतड्याचं शेवटचं टोक उघडलं. तिथे एक नमुना तयार होता, माळावर पडायचा राहिलेला. हाही धुवायचा आणि साहेबांच्या नाकासमोर नेऊन ठेवायचा, असं तिने ठरवलं. पाणीसुद्धा वाया घालवायचं नाही. निळा रंग उतरला तर तोही बाटलीत भरून न्यायचा. म्हणून तिने चाळणी रोजच्यासारखी मोरीत धरली नाही. कोपऱ्यातलं पांढरं घमेलं ओढलं, त्यावर चाळणी ठेवली आणि नळ बारीक सोडला.

नमुना विरघळला. चाळणीत केसांचा गुंता उरला, सरड्याच्या शेपटीचा तुकडा आणि पिसाची एक काडी. पूर्वी केस बघणारा एक माणूस होता. तो निवृत्त झाल्यापासून ते काम बंद होतं आणि निकाल फक्त दात-हाडांवर लावायचे. दात एकही नव्हता.

म्हणजे साहेबाचंच खरं. तिने दातओठ खाल्ले आणि चाळणी उचलली. घमेल्यातलं पाणी गढूळ होतं. ते स्थिर व्हायची वाट बघत ती उभी राहिली, निळं दिसतं का ते पाहायला. गाळ हळूहळू तळाशी बसला आणि पांढऱ्या तळावर मोहरीएवढे काही दाणे दिसू लागले. तिला आधी वाळू वाटली. तिने बोट बुडवून एक टिपला. बोटाच्या पेरावर तो चिकटून आला. दोन मुळं होती त्याला.

ती दाढ होती. उकऱ्याची, खालची, डावीकडची. सव्वीस वर्षं ज्या ओळखल्या त्यांतली एक.

तिने घमेल्यातून एकोणीस वेचल्या. वेचताना ती काही विचार करत नव्हती, निदान करायचा नाही असं ठरवून वेचत होती. मग तिने चाळणी खिडकीच्या उजेडात धरली, जशी कोणीही पहिल्याच दिवशी धरून बघायला हवी होती.

कामाची चाळणी बारीक जाळीची असायची. चार वर्षांपूर्वी ती फाटली. तिने नवीन मागितली. एकदा, दोनदा, तीनदा अर्ज केला. तिसऱ्या अर्जावर साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं होतं, सध्या चालवून घ्यावे. आणि नमुने तर साचत होते, भाऊ दर आठवड्याला गठ्ठा आणत होता. तेव्हा तिने स्वतः बाजारात जाऊन भांड्यांच्या दुकानातून ही आणली. गहू चाळायची, पितळी कडेची, चांगली दणकट. दुकानदाराने विचारलं होतं, किती माणसांचं घर आहे? ती म्हणाली होती, सगळी मांजरंच आहेत. दोघं हसले होते. हिच्यातून पाणी झरझर जायचं. आठवड्याला पंधरा नमुने होत ते चाळीस होऊ लागले. त्याबद्दल तिला वर्षाअखेरीस प्रशस्तिपत्र मिळालं, ते मोरीच्या वर खिळ्याला लटकवलेलं होतं.

मोठ्या उंदराचा जबडा त्या भोकांतून जात नाही. पक्ष्याचं हाड जात नाही. सरड्याचं मणक्याचं हाड अडकतं. पण उकऱ्याचा जबडा मांजराच्या दाढेखाली चुरा होतो आणि दात सुटे होतात. ते जात होते. मोरी काळ्या दगडाची, नळ धो धो, कोणाला दिसणार?

मोरीखाली नळीला एक वाकडा डबा असतो, गाळ अडायचा. तिने बादली लावली आणि पान्याने त्याचं झाकण फिरवलं. ते सहज निघेना. तिने पान्यावर पाय दिला. झाकण सुटलं आणि काळा चिखल बादलीत पडला, घाण वासाचा. तिने मूठभर चिखल घमेल्यात धुतला. पाणी बदललं, पुन्हा धुतला. तिसऱ्या पाण्याला घमेल्याचा तळ दिसला आणि तो सगळा दातांचा होता.

ती जमिनीवर बसली. रडू आलं नाही. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिने मारली. एकच, ओल्या हाताने. मग उठली.

साहेबांनी या वेळी फोन घेतला नाही. घमेल्यात त्यांनी बराच वेळ पाहिलं. एक दात त्यांनी चिमट्याने उचलला, भिंगाखाली धरला आणि परत ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांचाही निबंध त्या डब्यातच अडकला होता म्हणा.

"कोणी पाहिलंय हे?"

"मी. आता तुम्ही."

"मावशी, बसा." ती बसली नाही. "तुमची दोन वर्षं राहिलीत. मी हे असं बघतो: नवीन चाळणी उद्याच्या उद्या मागवू. पुढच्या वर्षीचे आकडे आपोआप सुधारतील. मांजरांनी परत खाणं बदललं, असं म्हणता येईल. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"आणि दाणे?"

"सोमवारी बैठक आहे. मी विषय काढतो."

"सोमवारपर्यंत चौथ्या दाराला कोण उरतंय?"

"ते माझ्या हातात नाही."

"तीन अर्ज दिले होते मी चाळणीसाठी. तुम्ही लिहिलंत, चालवून घ्यावे."

"लिहिलं," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "आणि तुम्ही चालवून घेतलंत."

तिने घमेलं उचललं. जिने उतरून ती आवक-जावकच्या टेबलाशी पोचली.

तिथल्या कारकुनाकडून तिने दोन कोरे कागद मागून घेतले आणि उभ्यानेच लिहिलं. चार वर्षं चुकीची चाळणी वापरली. उंदराचे दात वाहून गेले. आकडे चूक आहेत, चूक माझी आहे. मांजरं हाच उंदीर खाऊन जगतात. दाणे टाकणं ताबडतोब थांबवावं. नळीच्या डब्यातला गाळ पुरावा म्हणून सीलबंद करून ठेवत आहे. खाली सही. चाळणीच्या अर्जांचा उल्लेख करावा असं तिच्या मनात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा तिने तो गिळला. मग तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र तिने तारखांसकट लिहून टाकला. आपल्या वाटणीचं आपण घ्यायचं, दुसऱ्याच्या वाटणीचं का घ्यायचं?

कारकुनाने वाचलं आणि वर पाहिलं.

"मावशी, शिक्का मारू का? एकदा मारला की मारला."

"मार. आणि एक प्रत कालवेवाल्यांना पाठव."

भाऊ मागच्या शेडमध्ये होता. चाकात हवा भरून झाली होती, तो उगीचच साखळी पुसत होता. तिने पोच म्हणून मिळालेली प्रत त्याच्या हातात दिली. त्याने हात पँटला पुसले, चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला लागला. मध्येच थांबून तो पुन्हा वरून वाचू लागला. ती समोर उभी राहिली. बसायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

"चार वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"हरकत नाही म्हणून जे पत्र गेलं, त्याच्यावर साक्षीदार म्हणून सही आहे माझी. माळ फिरणाऱ्या माणसाची सही लागते म्हणाले. मी केली. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं बाजूला ठेवलं आणि केली."

"माहीत आहे."

"तुला नाही माहीत." आवाज चढला नव्हता, पण साखळी पुसायचं फडकं त्याच्या मुठीत पिळलं जात होतं. "बाकीचे माग काढणारे मला विचारायचे. तूच बघतोस ना रे, मग कसा काय आकडा एवढासा? मी त्यांना सांगायचो, माझी बहीण धुते. तिथं चूक नाही व्हायची. माझीच होत असेल. असं सांगायचो मी. चारचौघांत."

तिने प्रत त्याच्या हातातून काढून घेतली.

"आणि सकाळी साहेबाच्या नावाने काय बोंबलत होतीस."

"हो."

"हो काय हो? दुसरं काही येत नाही का तुला?"

"काय बोलू, दादा? चुकले म्हणू? म्हटलं तर तू म्हणशील, आता म्हणून काय उपयोग."

"तेच म्हणेन."

त्याने चष्मा काढला. गळ्यातली दोरीही काढली, चष्म्याभोवती गुंडाळली आणि सगळं खिशात कोंबलं. मग गाडीला किक मारली. त्याने तिला बस म्हटलं नाही. ती आत धावली, हातमोज्यांचे दोन जोड, एक रिकामं पोतं आणि मोरीवरची चाळणी घेऊन आली, आणि गाडी फाटकातून वळायच्या आत मागे बसली.

चौथ्या दारापाशी कालवेवाल्यांची माणसं काम उरकून निघून गेली होती. बांधाच्या उताराला बिळंच बिळं. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी चमचाभर निळे दाणे, वर वाळू ओढलेली, पक्ष्यांना दिसू नयेत म्हणून. उन्हं कलायला लागली होती. उकऱ्या दिवस मावळला की बाहेर येतो आणि पहिला दाणा बिळात ओढून नेतो.

"सरकारी कामात अडथळा म्हणतील," ती म्हणाली.

भावाने हातमोजे चढवले, पहिल्या बिळाशी गुडघे टेकले आणि वाळूतून एकेक दाणा चिमटीने उचलू लागला. एका बिळाला त्याला बराच वेळ लागला. एवढं करूनही त्याने परत वाळू चाचपली तेव्हा आणखी दोन निघाले. तो पुटपुटला. शिवी असावी.

ती शेजारच्या बिळाशी बसली. तिने तोंडापाशी चाळणी टेकवली, वाळू ओंजळीने तिच्यात ओढली आणि हलवली. वाळू झरकन खाली गेली. निळे दाणे वर राहिले, एकूण एक. तिने ते पोत्यात झटकले आणि पुढच्या बिळाकडे सरकली. भोकं या कामाला अगदी बेताची होती. तिला त्याचं बरं वाटलं नाही.

भाऊ बघत होता. त्याने चिमटीचं काम सोडलं. तो पुढे सरकला, एका बिळाच्या तोंडची वाळू दोन्ही हातांनी उकरून तिच्यापुढे ढकलली आणि पुढच्याकडे गेला. तो उकरायचा, ती चाळायची. किती झाली ते दोघांनीही मोजलं नाही. अंग अवघडलं, तिच्या गुडघ्यांना खडे रुतले, पण उताराचा अर्धा भाग व्हायच्या आत सूर्य टेकला.

तेव्हा कानतुटी आली. पलीकडच्या झुडपातून निघाली आणि बांधाच्या टोकाला, अजून हात न लागलेल्या बिळांकडे चालत गेली. तिथल्या एका बिळाशी ती बसली. तिच्यामागे थोड्या अंतरावर गवतात तीन जोड कान होते. ती अजिबात हलत नव्हती.

मांजर बिळाशी बसलं की श्वाससुद्धा रोखायचा, असं भावानेच तिला शिकवलं होतं, ती लहान असताना. तीस वर्षांत त्याने एकाही मांजराला शिकारीवरून उठवलं नव्हतं. एकदा पायावरून विंचू गेला तरी हलला नव्हता. ते तो अजूनही सांगायचा.

भाऊ उठला. त्याने मातीचं मोठं ढेकूळ उचललं आणि अंगातलं सगळं बळ लावून फेकलं.

"चल, हो चालती. हो म्हणतो ना."

ढेकूळ तिच्यापासून हातभर अंतरावर फुटलं. कानतुटी उडाली, वळून फिस्कारली आणि पिल्लांना घेऊन झुडपात गेली. त्याने दुसरं ढेकूळ उचललं, झुडपावर फेकलं. मग तिसरं. झुडपात आता काही नव्हतं तरी तो फेकत राहिला, आणि बहीण त्याला थांब म्हणाली नाही.

हात दुखले तेव्हा तो थांबला. धापा टाकत कानतुटी बसली होती त्या बिळाशी येऊन बसला, तोंडची वाळू उकरली आणि मागोमाग आलेल्या बहिणीपुढे ढकलली.

"चाळ," तो म्हणाला.

तिने चाळणी पुढे धरली.